‘वय २० ते २८’ : एका अटीचा अभ्यास

इतवारीत शहीद चौकाकडून सराफ्याकडे चालत निघाले, की दुकानांच्या काचांवर आणि विजेच्या खांबांवर हाताने लिहिलेले कागद चिकटवलेले दिसतात. ‘काउंटरवर मुलगी पाहिजे’, ‘मालाच्या पोचवणीसाठी मुलगा पाहिजे’, आणि गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त दिसणारा मजकूर म्हणजे ‘टॅली येणारा मुलगा पाहिजे. वय २० ते २८.’ आपण सारेच हे कागद रोज पाहतो व पुढे जातो. त्यातील पहिल्या वाक्याचा अर्थ उघड आहे. दुसऱ्या वाक्याचा अर्थ मात्र वाटतो तितका सोपा नाही. टॅली येणे ही पात्रता झाली. मग अठ्ठावीस ही कशाची मोजणी? एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या रात्री माणसाच्या बोटांतून असे काय निघून जाते, की त्याला जमाखर्चाची नोंद करता येऊ नये? या एका अटीचा जरा मागे जाऊन विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्या माणसाच्या जागी हा ‘मुलगा’ हवा असतो तो माणूस म्हणजे मुनीम. इतवारीच्या ठोक बाजारात, मग ती किराणा ओळी असो, लोहा ओळी असो की मस्कासाथ, मुनिमाचे स्थान मालकाच्या खालोखाल असे. लाल कापडी बांधणीच्या वह्यांत तो रोजकीर्द लिही, तिच्यावरून खतावणी करी, महिन्याकाठी तेरीज मांडी आणि वर्षाअखेर ताळा जुळवी. पण वही लिहिणे हा त्याच्या कामाचा लहानच भाग होता. कोणत्या गावचा व्यापारी पोळ्यानंतर पैसे देतो आणि कोणाला दिवाळीनंतर विचारावे लागते, कोणाची उधारी वाढू द्यावी व कोणाची रोखावी, हे त्याच्या डोक्यात असे. हे ज्ञान कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. ते तीस वर्षे एका गादीवर बसून मिळते.

टॅली हे संगणकावरील हिशेबाचे साधन १९८६ साली निघाले व नव्वदीच्या दशकात हळूहळू बाजारात आले. तरी वह्या चालूच होत्या. निर्णायक फरक पडला तो १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा. प्रत्येक बिलाची नोंद, मालाचा सांकेतिक क्रमांक, ठरलेल्या तारखांना भरावयाची विवरणपत्रे आणि तीही संगणकावरूनच, यामुळे वहीवर एकट्याने विसंबणे अशक्य झाले. आमच्या गल्लीतील एका मुनीमजींना त्या सुमारास चौपन्नाव्या वर्षी घरी बसावे लागले. त्यांनी टॅली शिकण्यास नकार दिला होता असे कोणास वाटेल, तर ते खरे नाही. पुतण्याच्या शेजारी बसून तीन आठवड्यांत त्यांनी ती शिकून घेतली होती. जमा आणि नावे ज्याला कळते त्याला टॅलीत नवे असे फारसे शिकायचे नसते. कोणती कळ कोठे आहे एवढेच लक्षात ठेवायचे असते. यानंतर ते पाच-सहा दुकानांत जाऊन आले. तेथे त्यांना काय येते हे विचारण्याआधी वय विचारले गेले.

अशाच एका दुकानाच्या मालकांना मी हा अठ्ठावीसचा आकडा कोठून आला असे विचारले. ते हसून म्हणाले, “बँकेतही अठ्ठावीसच मागते न भाऊ.” आणि थोड्या वेळाने, गिऱ्हाईक गेल्यावर, आवाज खाली आणून म्हणाले, “पन्नाशीच्या माणसाला बारा हजार कसे सांगावे? आपल्यालाच लाज वाटते.” माझ्या मते या विषयावर मी वाचलेल्या कोणत्याही लेखापेक्षा या दोन वाक्यांत अधिक सत्य आहे. पहिले वाक्य सरकारी रिवाजाबद्दल आहे व दुसरे पैशाबद्दल. दोन्ही क्रमाने पाहू.

बँकेत खरोखरच अठ्ठावीस मागतात. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिपिक भरतीची खुल्या गटातील मर्यादा २० ते २८ वर्षे आहे; राखीव गटांना सवलत आहे. आपल्या राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची मर्यादा २०१६ पासून खुल्या गटासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेची खुल्या गटासाठी ३२ आहे. म्हणजे वयाची अट घालणे ही आपल्याकडे चोरटी गोष्ट नाही. शासनच ती छापून प्रसिद्ध करते. आपल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्यांची यादी आहे : धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. जन्मस्थान आहे, जन्मतारीख नाही. खासगी मालकाला तर हा अनुच्छेद थेट लागूच होत नाही. स्त्री म्हणून नोकरी नाकारण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी केली (तो कायदा आता वेतन संहितेत सामावला गेला आहे). अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा आहे. वयासाठी असा कायदा आजवर झालेला नाही.

न्यायालयासमोर हा प्रश्न एकदा जवळून आला होता. एअर इंडियाच्या हवाई सेविकांना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त केले जाई, त्याच विमानातील पुरुष सेवकांना मात्र अठ्ठावन्नपर्यंत नोकरी असे. नर्गेश मिर्झा व इतर सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली पहिल्या गर्भारपणी नोकरी संपवण्याचा नियम रद्द केला, आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यावी की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारी तरतूदही रद्द केली. परंतु सेविका व सेवक हे दोन वेगळे वर्ग आहेत हे न्यायालयाने मान्य केले. वयाची अट मुळातच गैर, असे त्या निकालात म्हटलेले नाही.

अमेरिकेत १९६७ पासून चाळीस वर्षांवरील माणसास वयामुळे नाकारणे बेकायदा आहे. युरोपीय संघाने २००० साली तसाच निर्देश काढला. म्हणून तेथे भेद नाहीसा झाला असे मात्र नाही. तो शब्दांआड गेला. चाळिशीवरील दोनशेहून अधिक उमेदवारांच्या दाव्यात गूगल कंपनीने आरोप मान्य न करता २०१९ साली एक कोटी दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. आयबीएम कंपनीत २०१३ ते २०१८ या काळात वयस्क कर्मचाऱ्यांना कमी करून तरुणांना जागा करून देण्याचे संदेश वरून खाली येत होते, असा निष्कर्ष तेथील समान रोजगार संधी आयोगाने २०२० साली काढला. आपल्याकडे असा निष्कर्ष काढणारी यंत्रणाच नाही, कारण काढण्यास कायदा नाही.

आता मालकांच्या दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे पैशाकडे वळू. त्यासाठी इतवारीपासून फार लांब जावे लागत नाही. गांधीसागर तलावाजवळ, जेथे आता मोठे विक्री-संकुल उभे आहे, तेथे एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. तिचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी मेहता यांना नेमले. हे गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीतून आलेले; कापडगिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. आजच्या जाहिरातीप्रमाणे पाहिले तर ते अर्जच करू शकले नसते. त्यांनी काम हाती घेतल्यावर शिकून घेतले आणि पुढे अनेक वर्षे गिरणी नावारूपाला आणली. याच गिरणीत १८८० च्या दशकात सूतकताईच्या नव्या ‘रिंग’ यंत्राचा प्रयोग झाला. असा प्रयोग करणाऱ्या देशातील पहिल्या गिरण्यांपैकी ती एक होती. जुन्या ‘म्यूल’ यंत्रावर सूत ओढणे व गुंडाळणे या क्रिया आळीपाळीने होत व त्यासाठी मुरलेला हात लागे. रिंग यंत्रावर पीळ देणे व गुंडाळणे एकाच वेळी, अखंड चालते. तेथे नवशिका थोड्या दिवसांत तयार होतो. म्हणजे यंत्राने माणसाचे वय वाढवले नाही की बुद्धी घटवली नाही. त्याने मुरलेल्या हाताची बाजारातील किंमत तेवढी उतरवली.

याच गिरणीने १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी व १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी सुरू केला, हेही सांगितले पाहिजे. मालकाचे औदार्य त्यात होतेच, पण हिशेबही होता. त्या काळी नागपूरचा कामगार गिरणीत टिकत नसे, आणि टिकलेला माणूस मालकाला हवा होता. ज्या धंद्याला टिकलेला माणूस हवा असतो तो धंदा वयाला किंमत देतो. एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली तेव्हा तेथील चाळिशी-पन्नाशीच्या कामगारांना ही किंमत दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळाली, याचा शोध आपल्या समाजशास्त्र विभागाने घेण्यासारखा आहे. त्यांची घरे अजून आपल्या आसपासच आहेत.

वय झालेला माणूस यंत्र शिकू शकत नाही, या म्हणण्याची परीक्षा आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे, आणि ती बँकांत. १९८३ साली बँकांची संघटना व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. संघटनांचा संगणकाला विरोध होता. म्हणून किती यंत्रे यायची, कोठे यायची, ती कोणी चालवायची हे सारे वाटाघाटींनी ठरले. खातेवहीवर पेनाने लिहिणाऱ्या कारकुनांनाच खतावणी-यंत्रावर बसवण्यात आले, प्रशिक्षण देण्यात आले व त्या कामासाठी विशेष भत्ता देण्यात आला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची माणसे ते शिकली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या पिढीतील कोणी ना कोणी असेल. त्यांना विचारून पाहावे. पुढे २००० साली याच बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. तिची पात्रता होती पंधरा वर्षांची नोकरी किंवा चाळीस वर्षांचे वय. एक लाखाहून अधिक माणसे तीत बाहेर पडली. १९८३ आणि २००० यांमध्ये माणसाच्या मेंदूत काही बदल झाला नव्हता. बदलला होता तो पगाराच्या बेरजेकडे पाहण्याचा दृष्टिकोन. शिवाय योजना स्वेच्छेची असल्यामुळे ज्यांना बाहेर काम मिळण्याची खात्री होती ते हुशार लोक आधी गेले, आणि कित्येक शाखांत अनुभवी माणसांची चणचण भासू लागली.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मोठ्या कंपन्यांची स्थिती समजून घेण्यास ही पार्श्वभूमी उपयोगी पडते. आपल्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रे आहेत, आणि आपल्या घरांतून पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुलामुलींची संख्या कोणी मोजलेली नाही. या धंद्याची रचना पिरॅमिडसारखी आहे. परदेशी गिऱ्हाईक माणसागणिक, तासागणिक पैसे देते. समजा, नवखा इंजिनिअर महिना तीस हजारांवर आहे व पंधरा वर्षे झालेला दोन लाखांवर. गिऱ्हाईक दुसऱ्यासाठी पहिल्याच्या दुप्पट किंवा फार तर तिप्पट दर देईल. पगार मात्र जवळजवळ सात पट झाला आहे. म्हणून एका अनुभवी माणसाखाली सहा-सात नवखे बसवले तरच हिशेब जुळतो. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, नवख्यांचा वार्षिक पगार साडेतीन लाखांच्या आसपास दहा वर्षांहून अधिक काळ घुटमळतो आहे, ही मात्र सर्वश्रुत गोष्ट आहे.) धंदा झपाट्याने वाढत होता तोवर दरवर्षी पायथा रुंदावत गेला, आणि कालचे नवखे आपोआप वरच्या पायऱ्यांवर चढत गेले. वाढ मंदावताच पायथा रुंदावायचा थांबला. मधल्या पायऱ्यांवर चाळिशीतील माणसांची दाटी झाली. किराणा ओळीतील कोणताही व्यापारी सांगेल, की गोदामात महाग माल साचला की तो आधी मोकळा करावा लागतो. माणसाला माल म्हणणे वाईट दिसते, पण हिशेब तसाच होतो.

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि ही कपात मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींत होईल असे सांगितले. कारण दिले ते कौशल्य व काम यांचा मेळ न बसल्याचे. ‘वय’ हा शब्द त्यात कोठेही नव्हता, आणि कंपनीने वय पाहून माणसे निवडली असे म्हणण्यास माझ्यापाशी आधार नाही. पण मधल्या व वरच्या श्रेणींत कोणत्या वयाची माणसे असतात हे सांगण्यास आधार लागत नाही. योगायोग असा, की याच टीसीएसची घडी बसवणारे फकीरचंद कोहली हे विजेच्या कंपनीतून तेथे आले ते १९६९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

कामगार कायद्यात वयस्काला थोडाफार आधार देणारे एक तत्त्व होते : शेवटी आलेला आधी जाईल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ते घातले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. परंतु ते ‘कामगारा’साठी आहे; व्यवस्थापकीय काम करणाऱ्यास नाही. संगणक कंपनीत आठ-दहा वर्षांत माणसाच्या पदनामात ‘मॅनेजर’ हा शब्द येतो. घरच्यांना पेढे वाटावेसे वाटतात. आपले एक कवच त्याच दिवशी वादात पडले, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. आणि हे कवच असले तरी ते काढून टाकताना कामी येते. नव्याने भरती होताना नाही.

भरतीच्या जाहिरातींत कंपन्या हल्ली वय लिहीत नाहीत. ‘२०२५ व २०२६ मध्ये उत्तीर्ण’ असे लिहितात. शिक्षणात दोन वर्षांहून अधिक खंड नसावा, असेही लिहितात. या अटी दिसायला वयाच्या नाहीत. पण वडिलांच्या आजारपणात तीन वर्षे दुकान सांभाळून मग परीक्षा दिलेला मुलगा, मूल मोठे झाल्यावर पदवी पूर्ण करणारी बाई, दिवसा नोकरी करून शिकणारे आपल्याच वर्गातील काही मित्र, हे सारे या चाळणीतून खाली पडतात. संसारासाठी नोकरी सोडलेल्या स्त्रियांना परत आणण्याची एक योजना टाटा समूहाने २००८ साली सुरू केली होती व इतरांनीही तसे प्रयत्न केले आहेत. अशा योजना वेगळ्या काढाव्या लागतात यावरून नेहमीचा दरवाजा किती अरुंद आहे ते कळते.

यावर एक आक्षेप आपल्याच वर्गातून येईल, व तो खोटा नाही. जुन्यांना धरून ठेवले तर आम्हाला जागा कोठून मिळणार? मी स्वतः नोकरी शोधणाऱ्यांत मोडतो, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. पण वयाच्या अटीने तरुणांचे भले होते हे गृहीत मला पटत नाही. इतवारीतील त्या दुकानात बारा हजारांवर जो मुलगा बसतो, त्याला बारा हजार मिळतात ते पन्नाशीचा मुनीम दाराबाहेर आहे म्हणून. आणि अठ्ठावीस उलटल्यावर, लग्न होऊन तो अठरा हजार मागू लागला, की काचेवर पुन्हा तोच कागद लागतो. मी ज्या दुकानाचा उल्लेख केला तेथे सात-आठ वर्षांत तिसरा मुलगा आला आहे.

या प्रश्नाचा सर्वांत धारदार भाग मात्र कला शाखेच्या आपणां विद्यार्थ्यांना लागू होतो. नागपुरातील कोणत्याही अभ्यासिकेत सकाळी सहाला गेले तर लोकसेवा आयोगाची पुस्तके घेऊन बसलेली तिशीतील मुले दिसतात. आयोग त्यांना सांगतो, तुम्ही अडतीसपर्यंत, त्रेचाळीसपर्यंत पात्र आहात. खासगी बाजार सांगतो, तुम्ही अठ्ठाविशीलाच संपलात. एका दाराने दहा-पंधरा वर्षे थांबवून घ्यायचे आणि दुसऱ्याने थांबल्याबद्दल शिक्षा द्यायची, असा हा प्रकार आहे. चौतिसाव्या वर्षी अभ्यासिकेतून बाहेर पडणाऱ्या मुलाजवळ भाषा, कायदा, अर्थशास्त्र, रोज बारा तास बसण्याची सवय हे सारे असते. त्याच्या अर्जावर दिसते ते उत्तीर्ण होण्याचे वर्ष आणि त्यापुढची कोरी जागा. वयोमर्यादा वाढवा, अशी मागणी आपण मोर्च्यांतून करतो. खासगी भरतीतील वयाच्या अटीबद्दल मात्र एकही मोर्चा मी पाहिलेला नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात येऊन मुलाखती घेणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या अर्जातून उत्तीर्ण वर्षाचा रकाना काढण्यास सांगणे हे रोजगार मार्गदर्शन कक्षाच्या हातात आहे. एखादी कंपनी त्यामुळे परत जाईल; कदाचित दोन जातील. प्राध्यापकांनी या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आहे.

आमच्या गल्लीतील मुनीमजी आता बासष्टीचे आहेत. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना त्याच जुन्या दुकानातून बोलावणे येते, कारण टॅलीतला ताळा पडद्यावर जुळलेला दिसतो, पण दोन-तीन व्यापाऱ्यांकडून आलेले पैसे भलत्याच खात्यांवर गेलेले असतात, आणि कोणाचे कोठे गेले हे शोधण्यास गिऱ्हाइके नावानिशी ओळखणारा माणूस लागतो. चार दिवस ते तेथे बसतात. मजुरी रोजाने मिळते.